झाकलेली विहीर

मी विहीर बोलतेय. तुमची गाडी उभी आहे ना, तिच्या मागच्या चाकाखाली मी आहे. दचकू नका, पण जरा बाजूला व्हा.

माझा जन्म कोबीच्या मळ्यात झाला. एक शेतकरी आणि त्याची बायको, दोघांनी मला दोन उन्हाळे खणलं. तो खाली खणायचा, ती वर माती ओढायची. चाळीस फुटांवर तो ओरडला, "अगं, पाय ओले झाले!" तिनं वरून विचारलं, "घामानं नाही ना?" दोघं पोट धरून हसली.

मग वस्ती सरकत आली. आधी शेजारच्या शेतात विजेचे खांब, मग रस्ता, मग चार मजली इमारती. शेतकरी वारला, मुलांनी मळा विकला. कंत्राटदार माझ्या काठावर वाकून म्हणाला, "बुजवत कोण बसणार? स्लॅब टाका, वर फरशी. कुणाला कळतंय!" माझं आभाळ त्या दिवशी मिटलं.

वर दुकानं आली. चपलांचं, औषधांचं, भाजीचं. माणसांची मला गंमत वाटते. कोबीचा गड्डा दहादा दाबून बघतील, पायाखालची जमीन एकदाही नाही.

पुढे सळया गंजल्या. सिमेंटचे पोपडे पाण्यात पडू लागले. दर वेळी मला वाटायचं, की आता यामागून माणूस येणार.

शेतकऱ्याची बायको आता म्हातारी झाली होती. ती चपलांच्या दुकानदाराला रोज सांगायची, "अहो भाऊ, इथे विहीर आहे. मी खणलीय."

"आजी, उन्हात फिरू नका," तो हसायचा.

एका सकाळी फ्रिज भरलेला टेंपो माझ्या फरशीवर मागे येऊ लागला. म्हातारी हात पसरून आडवी उभी राहिली. ड्रायव्हर तणतणत उतरला.

"मरायचंय का आजी?"

"मला नाही रे. तू मरशील. खाली विहीर आहे."

"कुठंय विहीर?" म्हणत त्यानं फरशीवर पाय आपटला.

ताटाएवढा तुकडा त्याच्या दोन पायांमधून निखळला. तुकडा पाण्यात पडल्याचा आवाज वर पोचायला जरा वेळ लागला. तेवढ्यात चपलांचा दुकानदार पायरीवरून मागे सरकला.

दोन दिवस दोरी बांधली होती. मग भोकावर सिमेंट थापलं, नवी फरशी बसवली, झालं. म्हातारीला लेकीनं दूर आपल्या घरी नेलं. निघताना ती वाकून पुटपुटली, "कुणाला घेऊ नकोस गं बाई."

मला कुणीच नको आहे. पण कोसळणाऱ्याला धरायला मला हात नाहीत.

उद्या इथे मोठा सेल आहे म्हणे. वर मांडव घालताहेत, खिळ्यांचे ठोके माझ्या अंगभर घुमताहेत. कुणी ऐकत असाल तर मला बुजवा. तळापासून, दगडमातीनं, काठोकाठ. माझं पाणी गेलं तरी चालेल. फक्त सकाळच्या आत.