वरून पेटवलेली शेगडी

शपथ घेते, चांगली मोठ्यांदा घेते, की यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आजच पडोत!

तर, "मावशी, उद्यापासून ही शेगडी इथं नको," असं कारखान्याचा मॅनेजर नेल साहेब म्हणाला आणि खेतिवेच्या हातातला पिठाचा गोळा कढईऐवजी मातीत पडला. दक्षिण आफ्रिकेतल्या एमालाहलेनीत, पोलादाच्या कारखान्याच्या फाटकाशी ती बारा वर्षं माग्विन्या, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळून विकत होती. घर त्यावरच चालायचं.

"का हो साहेब?"

"सरकारनं धुरावर कर लावलाय. उद्या आमचा धूर मोजायला माणसं येणार, आणि दारातच हा धूर!"

"माझा तो केवढासा! तुमची चिमणी तर ढगांना खोकला लावते."

रांगेतले कामगार खिदळले. साहेब नाही हसला.

घरी जाताना खेतिवेला सासू आठवली. मासिबिया. जाऊन दोन वर्षं झालेली. ती शेगडी उलटी लावायची: मोठा कोळसा खाली, त्यावर कागद-काटक्या, वर कोळशाचे चार बारके खडे, आणि काडी वरून. मग धूर जाळातच जळून जायचा. "वरून पेटव गं पोरी!" म्हणून ती ओरडायची. आणि सासू सांगते म्हणूनच खेतिवे वीस वर्षं खालून पेटवत, खोकत बसली.

दुसऱ्या सकाळी तिनं वरून पेटवली.

"मावशी, घराला आधी छप्पर घालतेस का?" पहारेकरी बाफाना म्हणाला.

"गप रे. सासूचं ऐकतेय, पहिल्यांदाच."

मोजणारी माणसं आली. धूर नाहीच! शेगडी विझली असं वाटून नेल साहेब वाकला आणि अर्धी मिशी जाळून बसला. मोजणाऱ्यांतल्या एक बाई पोट धरून हसल्या, मग खेतिवेशेजारी बसून त्यांनी सगळं विचारून घेतलं. साहेबाला म्हणाल्या, "हे वस्तीत शिकवा. घराघरातला धूर कमी केलात तर तुम्हाला करात सूट मिळते."

खेतिवेची जागा राहिली. वर कारखान्यानं तिलाच घरोघर शिकवायला नेमलं.

"पद्धत कुणाची लिहू?" साहेबानं विचारलं.

"मासिबियाची. माझ्या सासूची."

आता फाटकाशी पाटी आहे. शेगडीची चित्रं, आणि खाली मोठ्या अक्षरांत मासिबियाचं नाव. खेतिवे रोज तिच्यापुढं वाकते. "आई, उपकार झाले गं."

बरं, एवढं एक मी पदरचं घातलं. पाटीवर नाव छापलेलंच नाही. 'स्थानिक पद्धत' एवढंच आहे. नाव खेतिवेनं कोळशानं लिहिलंय. पुसलं की पुन्हा लिहिते.