वरून तेच कुलूप

दोघी बहिणींचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. ते हाती देताना बाबांनी एकच नियम घालून दिला होता: कुलूप ज्याचं, त्याच्या डोळ्यांदेखत बदलायचं. मालक समोर नसेल तर हत्याराला हात लावायचा नाही. दोघींनी तो कसोशीने पाळला.

मग ताई आजारी पडली. आधी झोप उडाली. मग चहात कुणीतरी विष कालवतंय म्हणू लागली. गिऱ्हाइकांच्या किल्ल्या आपलं बोलणं ऐकतात म्हणून त्या तिने गटारात फेकल्या. आणि एका सकाळी दुकानाच्या दाराशी तिची किल्ली फिरेना.

"चिमे, कुलूप बदललंस तू."

"नाही गं ताई. हे बघ ना, तोच ओरखडा."

"वरून तेच आहे. आतलं बदललंय. माझ्या हाताला कळतं."

त्याच दिवशी चिमीने तिला मनोरुग्णांच्या वॉर्डात दाखल केलं. तिथेही ताईने कुलपाचा हेका सोडला नाही. डॉक्टरीणबाईंनी चिमीला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच बदललंय का हो?"

चिमी जमिनीकडे बघत म्हणाली, "नाही."

झालं. चहातलं विष, ऐकणाऱ्या किल्ल्या आणि बदललेलं कुलूप एकाच माळेत ओवलं गेलं.

पुढे ताईला झटके येऊ लागले, तोंड आपोआप वेडंवाकडं हलू लागलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंना वेगळीच शंका आली. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं आणि खरा आजार सापडला. औषधं बदलली. ताई हळूहळू माणसांत आली, तेव्हा बाई तिच्या पलंगाशी बसल्या.

"रक्तात प्रतिपिंडं असतात. बाहेरून जंतू आला की त्याला जाऊन चिकटायचं, हे त्यांचं काम. तुमच्यात ती चुकून तुमच्याच मेंदूतल्या प्रथिनांना चिकटली. ती प्रथिनं म्हणजे पेशींच्या दारावरची कुलपं समजा. कुलपंच निकामी झाली, मग निरोप आत जाणार कसा?"

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं."

"अगदी तसंच. पण हा आजार उलटू शकतो. चहाचा, कुलपाचा, कसलाही जुना संशय परत डोकावला, तर लगेच इकडे या."

ताई घरी आली. चिमीने केलेला चहा तिने बिनधास्त प्यायला. "या आपलं बोलणं चोरून ऐकत होत्या म्हणे," असं म्हणत किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघून ती हसलीसुद्धा. "आपल्या गप्पा ऐकून गंजल्या असत्या बिचाऱ्या!"

"तुझी जुनी किल्ली वॉर्डात हरवली," असं सांगून चिमीने तिला नवी दिली होती. ती छान फिरत होती. तरी कुलूप काही ताईच्या डोक्यातून जाईना. आपला हात खोटं सांगत असेल, तर आजार परतलाय. खरं सांगत असेल, तर? दोन्हींची तिला सारखीच भीती वाटत होती.

शेवटी तिने चिमीला समोर बसवलं. "अर्ध्या दुकानाची मालकीण तू. तुझ्या डोळ्यांदेखत उघडते."

तिने कुलूप खोललं. किल्लीचे दात ज्यांना उचलतात त्या आतल्या बारीक पिना फडक्यावर ओतल्या. बाबांनी घातलेल्या पिना काळवंडलेल्या होत्या, या चकचकीत निघाल्या. एकीला कानस लागलेली होती, डाव्या हाताने, तिरकी. दोघींत डावखुरी चिमीच होती.

ताईने ती पिन चिमीपुढे सरकवली.

"तू किल्ल्या फेकत होतीस, ताई. दुकान बुडालं असतं."

"मग मला सांगून बदलायचंस. मी आरडाओरडा केला असता, एवढंच ना?"

"भीती वाटली गं. आणि बाईंनी विचारलं तेव्हा जीभच रेटेना."

"'नाही' म्हणायला बरी रेटली!" ताईचा आवाज चिरकला. "माझ्याच रक्तानं मला फसवलं, पण त्याला बिचाऱ्याला कळत नव्हतं. तुला कळत होतं. एवढ्या खोट्यात माझं एकच खरं होतं, चिमे. तेही तू वेडात जमा केलंस."

चिमी रडू लागली. ताईने तिला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. तिने पुन्हा पिना बदलल्या, चिमीच्या समोर, एकेक दाखवून. मग नव्या दोन किल्ल्या कापल्या. सवयीने चिमीने हात पुढे केला.

ताईने दोन्ही किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्या.

"तपासणीला माझ्याबरोबर ये. कुलूप बदललं होतं, हे बाईंना माझ्यासमोर सांग. मग किल्ली."

"आणि तोवर?"

"तोवर दार मी उघडीन," ताई म्हणाली. "तू बाहेर थांबत जा."