मायाक्काचा कललेला तीळ

मायाक्का एकदा "न्हाय" म्हणाली की संपलं. मग नवरा जोतिराम पाया पडो, नाहीतर साक्षात बिरोबा दारात येऊन उभा राहो! वळसंगच्या त्या घरात घोंगडं विणायचा जोतिराम, पण त्याचा काठ टाचायची ती मायाक्का. काठावर पांढऱ्या लोकरीचे बारीक चौकोनी टाके, ती त्यांना तीळ म्हणायची, सगळे उशाकडं जरासे कललेले. अंधारात अंथरताना नुसतं बोट फिरवलं तरी उसं कुठलं नि पायथा कुठला ते कळायचं. असा तीळ पंचक्रोशीत दुसरी कुणी टाचत नव्हती. नाव मात्र व्हायचं जोतिरामाचं. गिऱ्हाईक आलं की ही बाई पदर सावरून आत.

त्यांची लेक प्रियंका सोलापुरात डिझाइनचं काम करायची. होम मैदानावर लोकरीच्या मालाचं प्रदर्शन भरणार होतं आणि आईबापांना गाळा मिळाला होता. गाळ्याचा फलक तिनं स्वतः काढला. मधे अक्षरं, चहूबाजूंनी आईचे तीळ. लॅपटॉपवर असे झकास दिसले की पोरगी स्वतःवरच खूश! छापलेला फलक गुंडाळलेलाच घेऊन ती गावी आली आणि अंगणात तो उलगडला.

तीळ सगळे सरळ. कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे ताठ.

"हे माजं न्हाय," मायाक्का म्हणाली.

"अगं, कुणाला कळतंय?" जोतिरामानं समजूत काढली.

"मला कळतंय की! ह्यो फलक लावणार आसाल तर मी येत न्हाय. आन मी टाचलेलं एकबी घोंगडं गाडीत चढणार न्हाय."

प्रदर्शन तर उद्यावर आलेलं. प्रियंका तणतणत सोलापूरला परतली आणि छापखान्याच्या सिद्धलिंगप्पांवर तुटून पडली. "काका, माझी फाइल बरोबर होती. तुमच्या मशीननं वाट लावली!"

"अगं तंगी, मशीन काय मनानं छापतंय व्हय?" कानडीतली धाकट्या बहिणीची हाक मारत ते म्हणाले. "हे बघ, माझ्या मोबाइलवरबी उघडली. हितंबी सरळच."

खरंच सरळ होते. प्रियंकाचा तोरा तिथंच उतरला. ती स्टुलावर बसली आणि कॉम्प्युटरनं रेषा कशी काढावी याचे जगभर पाळले जाणारे नियम उघडून वाचायला लागली. चूक तिचीच निघाली. प्रत्येक तीळ तिनं एका तिरप्या रेषेनं सुरू केला होता आणि लांबी कमी करत करत शून्यावर आणली होती. उरली होती ती रेषेच्या टोकांना बसणारी चौकोनी टोपी. ती टोपी कुठं कलायची हे रेषेच्या दिशेवरून ठरतं. आता लांबीच नाही, तर दिशा कसली? अशा वेळी नियम सांगतो, टोपी सरळ आडवी बसवा. तिच्या लॅपटॉपमधला प्रोग्रॅम तेवढा आधीचा तिरपेपणा लक्षात ठेवून पोरीचे लाड पुरवत होता.

"अरे देवा! मीच आईच्या तिळाची दिशा काढून घेतली की!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. तिला रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

मग तिनं एकेका तिळाला केसाएवढी लांबी दिली, उशाच्या अंगानं तिरपी. डोळ्याला दिसणारही नाही इतकीच. फलक मशीनमधून सरकत बाहेर आला, आणि तिळामागून तीळ कलत निघाला. प्रियंकानं सिद्धलिंगप्पांची माफी मागितली.

"माफी ऱ्हाऊ दे, एक घोंगडं बाजूला ठेव," ते हसत म्हणाले.

त्याच संध्याकाळी वळसंगच्या घरी मायाक्कानं फलकावर वाकून सगळे तीळ बघितले. चारी बाजूंचे, एकही न सोडता. प्रियंकाचा जीव टांगणीला. शेवटी म्हातारी उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "गाडीत मला खिडकीची जागा पायजे."

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर ही गर्दी! लोक फलक बघायचे, मग घोंगड्याचा काठ हातात घ्यायचे, परत फलक बघायचे. प्रियंका एका कडेला उभी राहून मनातल्या मनात फुगत होती. तेवढ्यात एका बाईंनी जोतिरामाला विचारलं, "हे काठाचं काम ज्यांचं, त्यांच्याशी बोलायचं होतं. आहेत का कुठं?"

जोतिराम बाजूला सरकला, चांगला ऐटीत. मायाक्का गिऱ्हाइकासमोर येऊन उभी राहिली.

"बोला की," ती म्हणाली. "मीच हाय."