कानातला बिल्ला

खोटं सांगत असेन तर जीभ झडो, पण आमच्या भागात एकदा ऐन उन्हाळ्यात कानटोप्या संपल्या होत्या. कारण एक नखाएवढं चित्र.

लग्नं जुळवणाऱ्या ॲपच्या कचेरीत एक मुलगी चिन्हं काढायची: घर, घंटा, भिंग. प्रत्येक चित्र नखाएवढं करून घरी आपल्या निरक्षर आत्याला क्षणभर दाखवायची. आत्याला कळलं तरच ते पास.

एके सकाळी मालक म्हणाले, "मुलाकडच्या अपेक्षांसाठी चिन्ह हवं. हुंडाबिंडा म्हणायचं नाही हं, कायदा आडवा येतो. काहीतरी गोड काढ."

तिनं फीत बांधलेला खोका काढला. मोजा शिवता शिवता आत्यानं पाहिलं.

"वाढदिवस कुणाचा गं?"

"वाढदिवस नाही. मुलाकडच्यांची मागणी."

"मग नापास. असले खोके पुरवता पुरवता आपली थोरली गेली."

थोरली बहीण गच्चीवरून पाय घसरून पडली, असं सासरचे सांगत होते. वर्षही उलटलं नव्हतं, आणि ॲपवर तिचा नवरा पुन्हा हसत उभा! खाली मागण्यांची यादी. रविवारी एका मुलीकडे तो बघायला जाणार, अशी नोंदही होती.

धाकटीनं खोका पुसला आणि बाजारातल्या जनावराच्या असतो तसा बिल्ला काढला. तो बरोबर फोटोतल्या नवरदेवाच्या कानात बसवला.

आत्या डोळे मिचकावत म्हणाली, "अगं बाई, विकाऊ बैल!"

"पास?"

"पहिल्या नंबरानं!"

दुसऱ्या दिवशी ॲपवर मागणी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या फोटोत कानाला बिल्ला लटकत होता. रस्त्यात लोक त्यांचे कान बघून हसू लागले, आणि दुपारपर्यंत दुकानात कानटोपी उरली नाही.

थोरलीची सासू कचेरीत थडकली. "माझ्या लेकाच्या कानात हे काय अडकवलंस?"

"अडकवलंत तुम्ही. मी फक्त दिसेल असं केलं."

"पुसून टाक!"

"मागणी पुसा, बिल्ला आपोआप गळेल. सोयच तशी केलीय."

मालक ओरडले, "उद्यापासून येऊ नकोस!"

"नाही येत. पण साहेब, तुमच्या चिरंजीवांचाही कान बघून घ्या."

संध्याकाळपर्यंत भराभर मागण्या पुसल्या गेल्या. थोरलीच्या नवऱ्यानंही पुसली, पण उशीर झाला होता. रविवारच्या मुलीनं स्वतःच फोन करून त्याला सांगितलं, "येऊ नका. आमच्याकडे गोठा नाही."

तो अजून बिनलग्नाचा आहे. कानटोपी घालूनच दूध आणायला जातो, आणि आत्या रोज खिडकीतून आवाज देते, "जावईबापू, कान दुखतो का हो?"