बावीसचा दगड

मोटारसायकल घरासमोरून निघाली आणि कोपऱ्यावर डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळली, तेव्हा मागे बसलेल्या बायकोला नवल वाटलं नाही. डावीकडे हायवे होता. त्या वाटेने लेकीचं गाव एका दिवसात आलं असतं. उजवीकडे आडरस्ते, म्हणजे तीन दिवस खड्डे, शेतं आणि दर किलोमीटरला एक दगड. हायवेवर ट्रकवाले जीव नकोसा करतात, असं कारण नवऱ्याने पुढे केलं होतं. तिने ते ऐकून घेतलं होतं आणि कंबरेखाली घ्यायला एक जाड गादी शिवून ठेवली होती.

गल्लीत तिला सगळे शिवणबाई म्हणत आणि त्याला रंगारी. हा रंगारी घरं रंगवणारा नव्हे. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड रंगवणारा. एकतीस वर्षं त्याने एका कंत्राटदाराकडे हेच काम केलं. वर रंगीत टोप, खाली पांढरं अंग, त्यावर काळ्या रंगात गावाचं नाव आणि आकडा. महिना महिना तो कॅम्पवर असायचा. नखांत रंग घेऊन घरी यायचा आणि दोन दिवसांत परत जायचा. लेक वाढवली ती आईनेच. ‘बाबांचं काम असं असतं’ हे तिने पोरीला इतक्यांदा ऐकवलं होतं की पुढे पुढे पोरीने ते ऐकणंच सोडून दिलं.

सहा वर्षांपूर्वी लेकीचं लग्न झालं. साधं, नोंदणीचं, मुलाच्या गावी, एका छोट्या हॉलमध्ये, सकाळी अकराला. ती लेकीबरोबर दोन दिवस आधीच गेली होती आणि रंगारी परस्पर कामावरून यायचा होता. तो आलाच नाही. साक्षीदाराची सही करायला जावयाच्या बेकरीतल्या भट्टीवाल्याला उभं केलं. रंगारी आठवड्याने घरी उगवला आणि ‘काम सुटलं नाही’ एवढं बोलून मोकळा झाला.

लेक त्याच्याशी भांडली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. फोनवर आईला विचारायची, बाबा बरे आहेत ना. चुकून त्याने फोन उचलला तर म्हणायची, आईला द्या. सहा वर्षं हेच चाललं होतं. आता रंगारी कामावरून निवृत्त झाला तेव्हा तिने दोघांनाही बोलावलं, पण आईला बजावून. बाबांना यायचं असेल तर येऊ देत, मात्र पुन्हा ते कामाचं कारण माझ्यासमोर काढलं तर मी उठून जाईन, आणि मग पुन्हा कधी बोलावणार नाही. पोरगी बोलली की बोलली. त्यामुळे ही एकच खेप हातात आहे, हे आईला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याला कितपत ठाऊक होतं, ते पाठीमागे बसून कसं कळणार?

पहिल्या दिवशी स्वारी खुशीत होती. दर दोन-चार दगडांमागे गाडी हळू व्हायची आणि मागे वळून तिला शिकवणी मिळायची. हा आठ बघ, कंबर कशी बारीक ठेवलीय. हा तीन माझा नाही, हा दुसऱ्याच कुणाचा गबाळा हात आहे. तिने म्हटलं, लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझी कंबर कधी इतकी निरखून पाहिली नाहीत. तो हसला आणि त्या नादात गाडी खड्ड्यात गेली. तिच्या गादीने तिला वाचवलं.

पण तिच्या मनात एक गोष्ट सहा वर्षं रुतून बसलेली होती. त्या लग्नासाठी तिने त्याला एक शर्ट शिवून दिला होता, फिकट निळा, दुहेरी शिलाईचा. ‘काम सुटलं नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या पिशवीतून तो शर्ट निघाला तो मळलेला, कॉलरला घामाचे पांढरे डाग, एका बाहीला वंगण. जो माणूस कामावरून हललाच नाही त्याने नवा शर्ट घातला कशाला? तिने शर्ट धुतला, इस्त्री केली, कपाटात ठेवला आणि तोंडाला कुलूप लावलं. तिची समजूत अशी झाली की तो निघाला होता आणि वाटेतून परत फिरला. बेकरीवाला जावई त्याला पसंत नव्हता हे तिला माहीत होतं. विचारलं तर तो खरं सांगेल, आणि खरं ऐकल्यावर आपल्याला त्याच्याबरोबर राहणं जड जाईल, या भीतीने तिने कधी विचारलं नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला टाका कुठे उसवलाय ते दिसतं. दिसूनही तिने हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रंगारी बोलायचा कमी झाला. मुक्काम एका लॉजवर होता. खोलीला एकच खिडकी, आणि तीही जिन्याकडे उघडणारी. संध्याकाळी तो खाटेवर बसून आपली बोटं बघत राहिला. तिने विचारलं, अंग दुखतंय का. नाही म्हणाला. उद्या किती वाजता पोचू, म्हणून विचारलं तर म्हणाला, बघू. दर दगडाचा आकडा तोंडपाठ असलेला माणूस ‘बघू’ म्हणतो, हे तिला खटकलं.

तिसऱ्या दिवशी साडेअकराला त्याने एका चढावर गाडी थांबवली. एका बाजूला पाण्याचा नळ, दुसऱ्या बाजूला चहाची बंद टपरी, आणि मध्ये दगड. लेकीच्या गावाचं नाव आणि खाली २२. अक्षर त्याचंच होतं, ते ती आता लांबून ओळखू लागली होती. लेकीने जेवायला एकची वेळ दिली होती, म्हणजे वेळ हातात होता. तिला हायसं वाटलं. तिने फोन लावला आणि सांगितलं, आलोच गं, बावीस किलोमीटर राहिलं.

पलीकडून लेक हसली. सहा वर्षांत आईने तिला इतकं मोकळं हसताना ऐकलं नव्हतं.

"आई, तू त्या खोटारड्या दगडापाशी आहेस का? चाळीस धर. मधला तळ्याचा वळसा त्यात मोजलेलाच नाही. सावकाश या, मी थांबते जेवायची."

तिने फोन बंद केला. रंगारी दगडाकडे पाठ करून उभा होता.

"चाळीस आहे म्हणे," ती म्हणाली.

"हो. चाळीसच आहे."

मग त्याने सांगितलं. पूर्वी इथून रस्ता सरळ जात होता. पुढे तिथे तळं बांधलं आणि रस्ता तळ्याला वळसा घालून नेला, अठरा किलोमीटर जास्त. ऑफिसातली आकड्यांची यादी मात्र जुनीच राहिली. त्याने या बाजूचे दगड उन्हाळ्यात रंगवले, पलीकडचे हिवाळ्यात, ट्रक नेऊन सोडेल तिथे उतरून. मधल्या वळशावर दगडच नव्हते, म्हणून त्या तुकड्यावर त्याचं पाऊल कधी पडलंच नाही. इकडचा शेवटचा बावीस, तिकडचा पहिला एकवीस. यादीत होतं तसं लिहिलं आणि कामावर सही केली.

"त्या दिवशी साडेनऊला इथे आलो होतो," तो म्हणाला. "माझाच दगड. बावीस. मी म्हटलं अर्धा तास लागेल. या नळावर अंघोळ केली, दाढी केली, तुझा शर्ट घातला. टपरीवर दोन कप चहा प्यायलो. सव्वादहाला आरामात निघालो. मोपेडमध्ये पेट्रोल होतं ते बावीस किलोमीटरच्या हिशेबाने."

तळ्याचा रस्ता संपेचना. वाहनं फिरकत नव्हती, फोनला रेंज नव्हती, वळसा कसाबसा संपला तर थोडं पुढे जाऊन पेट्रोल संपलं. चौदा किलोमीटर त्याने मोपेड ढकलत नेली. हॉलवर पोचला तेव्हा साडेपाच वाजले होते आणि दाराला कुलूप होतं.

ती ऐकत होती आणि तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता. हा माणूस परत फिरला नव्हता. सहा वर्षं तिने त्याला मनातल्या मनात दोषी ठरवलं होतं आणि वर त्याच्या पोळ्याही लाटल्या होत्या.

"मग सांगितलं का नाहीत? मला तरी?"

"काय सांगू? स्वतःच्या दगडाने फसवलं म्हणून? एकतीस वर्षांत मला एवढंच एक काम नीट येत होतं. पोरीला वाटू दे, बाप कामात होता. बापाला कामही येत नाही, असं नको वाटायला."

तिने डोळे पुसले आणि म्हटलं, आज तिला हे तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. त्याने मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

ते पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. बेकरीच्या मागेच दोन खोल्यांचं घर, भिंती भट्टीच्या बाजूने कायम कोमट. जावयाने हसून स्वागत केलं आणि सासऱ्याच्या हातातून बॅग घेतली. लेकीने आईला मिठी मारली. वडिलांना ‘या’ म्हणाली. ताटं मांडलेलीच होती.

जेवताना लेक आईशीच बोलत होती. ती गावच्या दवाखान्यात रुग्णवाहिकेचे फोन घ्यायची, त्यामुळे बोलता बोलता विषय त्या दगडावर आला. लोक घाबरून फोन करतात, बावीसच्या दगडापाशी आहोत म्हणतात, आणि मला मनात अठरा मिळवावे लागतात. नव्या ड्रायव्हरला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. कोणत्या शहाण्याने तो रंगवलाय, एकदा भेटला ना, तर त्याला त्या रस्त्यावरून पायी चालायला लावीन.

आईने खाली पाहिलं. आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं, आणि तिने कुणाकडेही न बघता पाण्याचा तांब्या घट्ट धरला.

"चालून झालंय माझं," रंगारी म्हणाला. "मीच रंगवलाय तो."

जावई भाजी वाढता वाढता थांबला. लेकीने पहिल्यांदा वडिलांकडे नीट पाहिलं. त्याच्याकडे सांगायला सगळं होतं, नळ, चहा, शर्ट, मोपेड, पण तो ताटात बोट फिरवत राहिला. लेक हुशार होती, तिला दोन अधिक दोन चार करायला वेळ लागला नाही.

"त्या दिवशी तुम्ही कोणत्या रस्त्याने येत होता?"

"त्याच."

"हॉलवर किती वाजता पोचलात?"

"साडेपाच."

आता पोर रडेल, बापाच्या गळ्यात पडेल आणि सगळं मिटेल, असं आईला वाटलं. पण लेक रडली नाही. तिने हात धुतला, पुसला आणि परत येऊन बसली.

"साडेपाचला मी इथे होते, बाबा. याच खोलीत. आईपण इथेच होती, रात्रीच्या बसला निघायची होती. हॉलपासून हे घर चालत दहा मिनिटांवर आहे. ते अठरा किलोमीटर मी तुम्हाला माफ केले. ही दहा मिनिटं का नाही आलात?"

हे त्याने दगडापाशी सांगितलं नव्हतं, आणि आईलाही विचारायचं सुचलं नव्हतं. ती स्वतः त्या संध्याकाळी इथे बसून दाराकडे बघत होती. बेकरीत कुणीतरी लोखंडी पत्रे एकावर एक रचत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला.

"लाज वाटली," रंगारी म्हणाला. "शर्ट मळला होता. वेळ गेली होती. तू हसत असशील, मी आलो की सगळ्यांना सांगावं लागेल. हॉलच्या पायरीवर बसलो होतो. अंधार पडायच्या आत निघालो."

"मी हसत नव्हते," लेक म्हणाली.

ती उठली आणि दारातल्या चपला पायात घालू लागली. जावयाने विचारलं, कुठे. ती म्हणाली, हॉलवर. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "उठा. तिथून इथपर्यंत चालत यायचंय तुम्हाला. वाट मी दाखवते."

रंगारी उष्ट्या हातानेच उठला. जावयाने त्याच्या हातावर पाणी घातलं. आईपण उठायला लागली, तशी लेक म्हणाली, तू बस. ती बसली. ती दोघं बाहेर पडली. खिडकीतून दिसलं, तेव्हा दोघांत तीन हातांचं अंतर होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

जावयाने ताटं उचलली, तिने ओटा पुसला. दहा मिनिटं जायची, दहा यायची, असा तिने अंदाज बांधला होता. अर्धा तास झाला. तास झाला. जावई म्हणाला, आई, काळजी करू नका, पायरीवर बसली असतील. तिने मान हलवली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

मग फाटक वाजलं. पावलं दोघांची होती, एकत्र पडत होती. दार ढकलून लेक आत आली, आणि लहानपणी शाळेचं दप्तर टाकून ज्या आवाजात हाक मारायची, त्याच आवाजात म्हणाली,

"आई, बाबा आले गं."