गुरुवारचं गाठोडं

बाबा शनिवारी वारले. दुपारी माग थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही.

आमच्या घरात त्यांची चाहूल आवाजातूनच येई. भंडाऱ्यातल्या विणकरांच्या आळीत शिरताना शाळेतून परतणारी मी पाऊल मंद करून ऐकत असे. धोटा समगतीने जात-येत असेल, फणीचा ठोका एकसारखा पडत असेल, तर घरात चूल पेटलेली असे आणि आईच्या कपाळावर आठी नसे. दोन ठोक्यांमध्ये पोकळी पडली की समजावं, बाबांनी मोहाची दारू घेतली आहे. त्यांचा चेहरा आठवू गेलं तर आज धूसर होतो; तो ताल मात्र अजून ऐकू येतो, मोडलेला आणि न मोडलेलाही.

अशा मोडलेल्या दिवसांत विणलेल्या दोन लुगड्यांचा पोत कुठे दाट, कुठे विरळ पडला. व्यापाऱ्याने ती परत केली. बाबांनी एका जुन्या धोतरात बांधून ती फळीवर ठेवली आणि त्यांच्याकडे पाहायचं सोडलं.

सुताच्या दुकानात बसणारे किसनकाका एके काळी बाबांबरोबरच प्यायचे. मग त्यांनी सोडली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात, ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"नागपूरले चाल माह्यासंग. दारू सोडलेले लोकं जमतेत तिथी. काही करा लागत नाही, आयका लागते."

"अन् आळीतल्या लोकायले काय सांगू?"

"सांग, लुगडे विकाले चाललो."

मग फळीवरचं गाठोडं खाली आलं. दर गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने ते नागपूरला जाई आणि संध्याकाळी न सोडलेल्या गाठीनिशी परत येई. "धंदा जोरात दिसते, भाऊ!" असं कोणी म्हटलं की बाबा मान खाली घालून हसत. आई दारात त्यांच्या खांद्यावरून ते उतरवून घेई आणि घेताना त्यांच्या श्वासाजवळ क्षणभर थांबे. त्या क्षणात तिची सारी विचारपूस असे. पहिल्या वर्षी ताल दोनदा मोडला. गुरुवार मोडला नाही.

पुढे वैनगंगेच्या पलीकडे, कारध्याला, बालवाडीची एक खोली मिळाली आणि सभा तिथे भरू लागली. भिंतीवर मुलांनी रंगवलेले पोपट, खाली त्यांचीच छोटी बसकरं, आणि त्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठी माणसं. तिथे कोणी कोणाचं आडनाव विचारायचं नाही, असा दंडक होता. पहिल्याच बैठकीत एक म्हातारा उसळला म्हणे, "आडनाव नको म्हणता, अन् माह्या लग्नात बुंदी वाढत होता तो तूच ना बे, किसन्या!" हे सांगताना बाबा डोळ्यांत पाणी येईतो हसले. घरात त्यांचं असं हसणं मी प्रथमच ऐकलं.

आणि एका गुरुवारी बाबा गाठोडं न घेताच निघाले. भर बाजारातून, कुठे जातो हे न लपवता. मी काही अंतरावरून मागे गेले. पुलावर उतरतं ऊन होतं. वाळूतल्या टरबुजांच्या वाडीवरून वारा येत होता, आणि ओझ्याची सवय लागलेले त्यांचे हात रिकामेपणी कधी कठड्याला, कधी सदऱ्याच्या टोकाला शिवत होते.

बाबा वारले तो चैत्र होता. पलीकडच्या तीरावर मोहफुलं गळत होती आणि वाऱ्याबरोबर तो गोड, जड वास घरात येत होता. आमच्याकडे तेरवीला, तेराव्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या आवडीचं पत्रावळीवर वाढून ठेवतात. बंद मागाशेजारी आई वाढत असताना धाकट्या काकांनी पिशवीतून बाटली काढली.

"वहिनी, रागावू नका. त्याले काय आवडे, साऱ्या आळीले ठाऊक हाय. उपाशी पाठवाचं काय त्याले?"

आईचा हात पत्रावळीवर थांबला. रीत तिला मोडवत नव्हती. बाबा गुरुवारमागून गुरुवार चालत जिथून दूर आले होते, तिथे त्यांना परत पोचवायला एक द्रोण पुरेसा होता.

दाराशी बसलेले किसनकाका हळूच म्हणाले, "आज गुरुवार हाय गा. तो सभेले येईन. त्याले पाजून पाठवतं काय?"

धाकट्या काकांनी बाटली पिशवीत ठेवली. आईने द्रोणात चहा ओतला. त्याची वाफ मागाच्या ताणलेल्या धाग्यांतून वर चढत राहिली. ऊन कलल्यावर किसनकाका आणि त्यांचे सभेतले सोबती उठले आणि पुलाच्या दिशेने चालू लागले.

बाबांनी निगुतीने विणलेली लुगडी परक्या घरी गेली, कोणाच्या तरी सणावारी नेसून विरली, कोणाच्या तरी बाळाखाली अंथरली गेली. जे नितळ उतरलं ते जगाकडे गेलं. जे फसलं तेच घरच्यांच्या वाट्याला आलं. ती दोन लुगडी उलगडताना माझं बोट विरळ जागी थांबतं, तिथे त्यांचा ताल चुकलेला असतो, आणि तिथेच ते मला सर्वांत जवळ भेटतात.

माग विकला. आई गेली. गाठोडं माझ्याकडे आहे.