कोऱ्या राहिलेल्या आजोबांचं चित्र

"बाबा, बाही अजून वर घ्या. दंड दिसत नाही."

"सुई टोचणारा कुठं आहे पण?" बाबा स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाले. "असा हात धरून बसलो तर लोकायले वाटन, म्हातारा बांगड्या भरून राह्यला."

केसरबाई पदर तोंडाला लावून हसली. आमच्या स्टुडिओसमोर भाजी विकणारी ही बाई बाबांच्या चित्रकथेत लशीला घाबरणारी आजी झाली होती. आजोबा व्हायचं होतं कचरू न्हाव्याला, पण ऐन वेळी त्यानं अंग काढून घेतलं. म्हणून बाबा स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसले आणि कळ दाबायला मी उभी राहिले.

"फोटोवाल्याचाच फोटो!" केसरबाई म्हणाली. "आता हसा बरं भाऊ, दुसऱ्यायले तर लय सांगता."

बाबा हसले नाहीत. ताठ झाले. मी कळ दाबली.

देवीच्या लशीबद्दल गावोगाव वाटायला आरोग्य खात्याला चित्रांची पत्रकं हवी होती. हलक्या कागदावर फोटो छापला की नुसता काळा डाग उमटतो. रेघांचं चित्र मात्र स्वच्छ येतं. बाबांनी त्यावर एक रीत बसवली होती. फोटोची फिकट प्रत काढायची आणि तिच्यावर पक्क्या काळ्या शाईनं हव्या तेवढ्याच रेघा ओढायच्या. मग ती आयोडीनच्या पाण्यात सोडायची. कागद काळानिळा पडे. तिथून हायपोच्या द्रावणात घातला की निळं ओसरे, त्याबरोबर फोटोही जाई, आणि पांढऱ्या कागदावर रेघा तेवढ्या उरत. धुण्याचं काम माझं.

"जे रेघेत आलं नाही ते गेलं," बाबा म्हणत. म्हणून ते आधी खूप वेळ नुसतं पाहत बसत. केसरबाईच्या कपाळावरचं गोंदण, आमच्याकडच्या बायकांचा डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, तराजू धरून वाकडी झालेली बोटं, हे सगळं त्यांच्या टाकात यायचं. कुठंही रेघ दोनदा ओढलेली नसे. चित्र वाळत घातलं की विचारायचे, "कसं झालं?" मी म्हणायची, "ठीक आहे. नथ राह्यली." अमरावतीला कॉलेजात असताना वाचनालयात बसून मी मोठमोठ्या चित्रकारांची चरित्रं वाचली होती. वडील काय करतात असं मैत्रिणींनी विचारलं, तर "फोटो काढतात" म्हणून सांगायची.

त्या संध्याकाळी बाबांनी शेवटच्या चौकटीत आजी काढली, दार काढलं, लस टोचणाऱ्या बाईचा हात काढला. आजोबांची जागा तेवढी तशीच ठेवली.

"सोताचं थोबाड काय काढायचं? उद्या पाहू," म्हणाले आणि टाक पुसून ठेवला.

सकाळी आई चहा घेऊन हाका मारत राहिली. बाबा उठले नाहीत.

तेरवी झाल्यावर आरोग्य खात्याचे नारायणराव आले. बराच वेळ आईशी बोलले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोकिळा, छपाईचे ब्लॉक करायले अकोल्याले जाऊन राह्यलो. हे अर्धवट चित्र कसं नेऊ? तिथला आर्टिस्ट सगळंच नव्यानं काढून देतो म्हणते."

"सगळंच?"

"एकाच हाताचं पाहिजे ना बाई."

"संध्याकाळपर्यंत थांबा, काका," मी म्हणाले.

टाकाच्या फटीत राहिलेली शाई वाळली होती. गरम पाण्यानं धुऊन घेतली. प्रतीवर बाबा ताठ बसले होते, बाही वर, नजर माझ्याकडे. मी आजवर एकही रेघ ओढली नव्हती. मी त्यांच्यासारखीच पाहत बसले. गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या ते काचेच्या निगेटिव्हवरच बुजवून टाकत. मी कपाळावरची आठी ठेवली. चष्म्यानं नाकावर पाडलेला खड्डा ठेवला. औषधांच्या पाण्यानं काळी पडलेली नखंही ठेवली. दंडाची रेघ थोडी थरथरली. ती तशीच राहू दिली.

आयोडीनचं पाणी ओतलं तेव्हा आई दारात आली. या खोलीत ती कधी यायची नाही.

"फोटो पुसून जाईन ना वं?"

"काच आहे, आई. तिच्यावरून दुसरा काढू."

कागद काळानिळा झाला. बाबा पार बुडाले. आईनं माझा दंड धरला. मी कागद हायपोत सरकवला आणि तबक हलवत राहिले. निळं हळूहळू ओसरलं. आधी कपाळ आलं, मग चष्म्याचा खड्डा, मग हात.

"आले," आई म्हणाली.

संध्याकाळी नारायणरावांनी सगळ्या चौकटी ओळीनं मांडून पाहिल्या. शेवटच्या चौकटीवर थांबले.

"आजोबाची नखं काळी काऊन?"

"तशीच होती."

चित्रं कापडात गुंडाळताना ते म्हणाले, "मागच्या बाजूनं नाव लिहून दे. काय लिहिशील? शालिग्राम फोटोवाले?"

मी टाक उचलला.

"फोटोवाले नाही, काका," मी म्हणाले. आई आत होती. तिलाही ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच म्हणाले. "माहे बाबा चित्रकार होते."